स्कॅनमध्ये चमकलं, पण ते नेमकं काय? ट्रेसरवरून कॅन्सर कसा ओळखायचा, पायरी पायरीने

आधी एक गोंधळ मिटवून टाकतो. पेट स्कॅन म्हणजे पोटाचा स्कॅन नव्हे. वेटिंगमध्ये बसलेलं कोणीतरी दर दोन दिवसांनी विचारतंच, "अहो गाठ मानेत आहे, मग डॉक्टरांनी पोटाचा स्कॅन का लिहून दिला?" पेट म्हणजे पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफी, आणि तो बहुतेक वेळा कवटीच्या तळापासून मांडीच्या मध्यापर्यंत करतात. हा गोंधळ निरुपद्रवी आहे. दुसरा मात्र महागात पडतो: स्कॅनमध्ये चमकलं की कॅन्सर, नाही चमकलं की सुटलो. दोन्ही चुकीचं, आणि का चुकीचं तेच इथे नीट सांगायचंय. नवीन रेसिडेंट आणि टेक्निशियन लोकांना उपयोग होईलच, पण हातात रिपोर्ट धरून "अव्हिड म्हणजे काय हो" करत बसलेल्या घरच्यांनाही व्हावा.

मूळ गोष्ट एवढीच की सीटी आणि एमआरआय गाठ कुठे आहे, केवढी आहे, कशी दिसते ते सांगतात, आणि पेटसारखा न्यूक्लिअर स्कॅन गाठ काय खाते, तिच्या अंगावर कुठले रिसेप्टर (ठराविक औषध जिथे जाऊन बसतं त्या जागा) आहेत ते सांगतो. आपण शिरेतून एक औषध सोडतो, त्याला अगदी थोडा रेडिओअॅक्टिव्ह अणू चिकटवलेला असतो, त्याला ट्रेसर म्हणायचं. ज्या पेशींना ते औषध हवंसं वाटतं त्या ते उचलतात आणि कॅमेऱ्याला तिथून किरण येताना दिसतात. म्हणजे ट्रेसर बदलला की प्रश्न बदलला. साखरेचा प्रश्न विचारलात तर उत्तर साखरेचंच मिळणार, त्यातून कॅन्सरचं नाव वाचायला गेलात की फसलात.

पहिली पायरी: फॉर्म वाचा, स्कॅन नंतर

रिक्वेस्ट फॉर्मवर नुसतं "मेट्स?" (म्हणजे कॅन्सर दुसरीकडे पसरलाय का) लिहिलेलं असतं आणि खाली सही. यावरून काही होत नाही. मला चारपैकी कुठला प्रश्न आहे ते कळायला हवं: ही गाठ कॅन्सरची आहे का, कॅन्सर सिद्ध झालाय पण सुरू कुठून झाला, कुठवर पसरलाय, की ट्रीटमेंटनंतर जे उरलंय ते जिवंत आहे की नुसता व्रण. चारही वेळा स्कॅन तोच असला तरी वाचायची नजर वेगळी लागते.

सोबत तारखा विचारा. ऑपरेशन कधी झालं, बायोप्सी कधी, केमोचा शेवटचा डोस कधी, रेडिएशन कधी संपलं. रेडिएशननंतर तो भाग सुजलेला असतो आणि सूज साखर खाते, म्हणून साधारण १२ आठवडे थांबतात. लिम्फोमात, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरमध्ये, केमो संपल्यावर शेवटचा स्कॅन ६ ते ८ आठवड्यांनी. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन नुकतंच दिलं असेल तर सगळा बोन मॅरो दिवाळीसारखा पेटतो, आणि ज्याला ते माहीत नाही तो रिपोर्टमध्ये मॅरोभर कॅन्सर लिहून मोकळा होतो.

दुसरी पायरी: ट्रेसर निवडा, खरा खेळ इथेच आहे

सगळ्यात जास्त वापरला जातो एफडीजी. हा साखरेचा डुप्लिकेट आहे, ग्लुकोजच्या एका जागी फ्लोरिन १८ बसवलेला. पेशी त्याला साखर समजून आत घेते, हेक्झोकायनेज नावाचं एन्झाइम त्याला फॉस्फेट चिकटवतं, आणि पुढच्या पायरीला ते अडकतं कारण हे खरं ग्लुकोज नाहीच. ना पुढे जाता येत, ना बाहेर. कॅन्सरच्या पेशी साखर वारेमाप जाळतात हे ऑटो वारबर्गने १९२० च्या दशकात दाखवलं होतं, माणसावर एफडीजी पहिल्यांदा वापरला गेला १९७६ मध्ये. फ्लोरिन १८ ची हाफ लाइफ ११० मिनिटं, त्यामुळे डोस उशिरा आला की आमची धावपळ बघण्यासारखी असते.

आता नीट लक्ष द्या. साखरेला हपापलेले कॅन्सर म्हणजे हॉजकिन लिम्फोमा, झपाट्याने वाढणारा मोठ्या बी पेशींचा लिम्फोमा, मेलेनोमा, फुप्फुसाचा स्क्वॅमस कॅन्सर, डोक्यामानेचे कॅन्सर, मोठ्या आतड्याचा, सर्व्हिक्सचा. हे एफडीजीत ठळक दिसतात. पण काही कॅन्सर साखरेत फारसा रस घेत नाहीत: प्रोस्टेटचा बराचसा, संथ न्यूरोएंडोक्राइन (हार्मोन बनवणाऱ्या पेशींचे) ट्यूमर, ब्रेस्टचा लोब्युलर प्रकार, किडनीचा क्लिअर सेल, माल्ट लिम्फोमा. म्युसिनवाले कॅन्सर पण, कारण तिथे पेशी थोड्या आणि चिकट द्रवच जास्त. लिव्हरच्या कॅन्सरची गंमत वेगळीच आहे, चांगल्या डिफरन्शिएशनच्या, म्हणजे पेशी अजून नॉर्मल लिव्हरसारख्याच असलेल्या, लिव्हर कॅन्सरमध्ये चिकटवलेलं फॉस्फेट परत काढणारं एन्झाइम शाबूत असतं, त्यामुळे आत आलेला एफडीजी सुटून निघून जातो आणि गाठ आजूबाजूच्या लिव्हरसारखीच दिसते. अशा पेशंटला "पेट नॉर्मल आहे" सांगून घरी पाठवणं म्हणजे चुकीच्या दारावर टकटक करून घरात कोणी नाही म्हणण्यासारखं.

उलट बाजूनं, टीबी, सारकॉइड (कॅन्सर नसलेला, सुजेचा एक आजार), पू, नुकतं ऑपरेशन, सुजलेला सांधा, हे सगळं कॅन्सर नसताना एफडीजीत चमकतं. आतड्याच्या कॅन्सरचा एक पेशंट मला चांगला आठवतो, छातीत दोन्ही बाजूंना फुप्फुसाच्या देठाशी आणि मधोमध सारखे, सिमेट्रिकल नोड (लसिकाग्रंथी) पेटलेले, लिव्हर एकदम स्वच्छ, पोटातले नोड स्वच्छ. घरच्यांचे चेहरे पडले होते. आता आतड्याचा कॅन्सर लिव्हरला वळसा घालून छातीत इतका टापटीप का बसेल? बायोप्सीत सारकॉइडसारखे ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेच्या पेशींचे पुंजके, निघाले. एफडीजीला ते कळणं शक्यच नव्हतं, कळलं ते पॅटर्न बघून.

म्हणून मग खास ट्रेसर. प्रोस्टेटसाठी पीएसएमए (प्रोस्टेट स्पेसिफिक मेम्ब्रेन अँटिजेन), गॅलियम ६८ किंवा फ्लोरिन १८ लावून. प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवर हे प्रोटीन खच्चून भरलेलं असतं, त्यामुळे चार पाच मिलिमीटरचा नोडसुद्धा कधी कधी सापडतो. अमेरिकेत गॅलियमवाल्याला २०२० च्या डिसेंबरमध्ये मान्यता मिळाली. पण नावात प्रोस्टेट आहे म्हणून फक्त प्रोस्टेट असं समजू नका, किडनीच्या क्लिअर सेल कॅन्सरच्या नव्या रक्तवाहिन्यांतही तो जातो, आणि प्रोस्टेटचे शंभरातले पाच ते दहा कॅन्सर पीएसएमए दाखवतच नाहीत.

न्यूरोएंडोक्राइनसाठी डोटाटेट, ज्याला आम्ही सरळ डोटा म्हणतो. या ट्यूमरच्या अंगावर सोमॅटोस्टॅटिन नावाच्या हार्मोनचे रिसेप्टर असतात, विशेषतः दोन नंबरचा, आणि डोटा तिथे जाऊन बसतो. थायरॉइडच्या पॅपिलरी आणि फॉलिक्युलर कॅन्सरसाठी सगळ्यात जुना मित्र, रेडिओआयोडीन. मेड्युलरी कॅन्सर मात्र थायरॉइडमध्ये असूनही आयोडीन घेत नाही, कारण तो सी पेशींचा, त्यांचं काम कॅल्सिटोनिन बनवायचं, आयोडीनशी त्यांना देणंघेणं नाही. लहान मुलांच्या न्यूरोब्लास्टोमाला (नर्व्हच्या कच्च्या पेशींचा कॅन्सर) एमआयबीजी नावाचा ट्रेसर, दहातल्या साधारण नऊ मुलांत ट्यूमर तो उचलतो. फिओक्रोमोसायटोमा या अॅड्रिनल ग्रंथीच्या गाठीलाही एमआयबीजी किंवा डोटा. ब्रेस्ट कॅन्सरमध्ये इस्ट्रोजेन रिसेप्टर आहेत का हे अंगभर बघायचं असेल तर एफईएस हा ट्रेसर, फक्त लिव्हरमध्ये तो मुळातच भरभरून जातो म्हणून तिथलं काही विचारू नका.

मेंदूत एफडीजी लंगडा पडतो, कारण मेंदू स्वतःच साखरेचा मोठा गिऱ्हाईक. पांढऱ्या भिंतीवर पांढरा खडू कसा दिसणार? तिथे अमिनो अॅसिडचे ट्रेसर वापरायचे, एफईटी किंवा मेथिओनिन, नॉर्मल मेंदू ते फार घेत नाही आणि ट्यूमर घेतो. रेडिएशननंतर एमआरआयवर जी वाढ दिसते ती परत आलेला ट्यूमर की मेलेला टिश्यू, हा प्रश्न यांनी बऱ्यापैकी सुटतो. एक अपवाद लक्षात ठेवा: प्रतिकारशक्ती कमी झालेल्या पेशंटच्या मेंदूत लिम्फोमा आहे की टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीचं इन्फेक्शन, यात एफडीजी कामाचा, लिम्फोमा चमकतो आणि टॉक्सो थंड राहतो.

तिसरी पायरी: तयारी, जी सगळे हलक्यात घेतात

एफडीजीच्या आधी कमीत कमी ४ ते ६ तास उपाशी, फक्त साधं पाणी. रक्तातली साखर २०० च्या खाली हवी. ती जास्त असली तर घाईघाईने इन्सुलिन टोचून लगेच ट्रेसर देऊ नका, इन्सुलिन सगळी साखर स्नायूंत ढकलतं आणि फिल्मवर शरीरसौष्ठव स्पर्धेतला माणूस दिसतो, ट्यूमर गायब. मेटफॉर्मिनने आतडं चमकतं, पोटातलं बघायचं असेल तर ट्रीटिंग डॉक्टरांना विचारून ४८ तास बंद ठेवायची, मनाने नाही. इंजेक्शननंतर साधारण तासभर शांत, उबदार खोलीत पडून राहायचं. गारठलात तर मानेतली तपकिरी चरबी पेटते आणि ती नोडसारखी दिसते, गप्पा मारल्या तर स्वरयंत्र पेटतं. मोबाइलवर तासभर बोलत बसलेल्याचा घसा कसा दिसतो ते एकदा बघा, परत बोलणार नाही.

डोटासाठी उपास लागत नाही, पण त्याच रिसेप्टरवर बसणाऱ्या ऑक्ट्रिओटाइडचं महिन्याचं इंजेक्शन चालू असेल तर स्कॅन पुढच्या इंजेक्शनच्या थोडा आधी लावा. एमआयबीजीच्या आधी लॅबेटालॉल ही बीपीची गोळी आणि सर्दीच्या काही गोळ्या आड येतात, शिवाय थायरॉइड वाचवायला आधी आयोडीन द्यावं लागतं. रेडिओआयोडीनच्या आधी मात्र उलट, आयोडीन कमी असलेला आहार, आणि आयोडीनवाला कॉन्ट्रास्ट देऊन सीटी नुकताच झाला असेल तर काही आठवडे थांबणंच आलं. प्रेग्नन्सीची शक्यता किंवा अंगावर पाजत असाल तर डोस भरायच्या आधी सांगा, इंजेक्शन घेतल्यावर नाही.

चौथी पायरी: आधी नॉर्मल ओळखा

नवीन पोरं थेट सगळ्यात काळा ठिपका शोधतात (ज्याला आपण चमकलं म्हणतो ते या चित्रात काळं उमटतं). तसं करू नका. आधी पूर्ण शरीराचं फिरणारं चित्र बघा आणि जे असायलाच हवं ते मनात टिक करत जा. एफडीजीत मेंदू, लघवीची पिशवी, किडन्या, बऱ्याचदा हृदय. पीएसएमएत अश्रुग्रंथी, लाळग्रंथी, किडन्या, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग. डोटात स्प्लीन (प्लीहा) सगळ्यात गडद, मग किडन्या, अॅड्रिनल, पिट्युटरी.

इथेच सापळे आहेत. पीएसएमए मणक्याजवळच्या नर्व्हच्या गँगलियामध्ये (नर्व्हच्या पेशींच्या पुंजक्यांमध्ये) जातो, पोटातल्या सिलिअॅक गँगलियाला नोड म्हणून लिहिलेले रिपोर्ट मी पाहिलेत. ओळखायची खूण म्हणजे तो आकार पट्टीसारखा किंवा अश्रूसारखा असतो, गोल नसतो. डोटात स्वादुपिंडाचा अनसिनेट भाग नॉर्मल माणसातही चमकतो. आणि फ्लोरिनवाल्या पीएसएमए १००७ मध्ये बरगड्यांवर फिकट ठिपके इतके दिसतात की एका बरगडीवर कधीच निकाल देऊ नये.

यानंतर तुलना. किती चमकलं याला अर्थ येतो कशाच्या तुलनेत यावरून. लिम्फोमात डोव्हिल स्केल आहे, १ ते ५, फ्रान्समधल्या डोव्हिल गावात २००९ मध्ये ठरलेली: छातीतल्या रक्तापेक्षा कमी की जास्त, लिव्हरपेक्षा कमी की जास्त. ४ आणि ५ म्हणजे लिव्हरपेक्षा जास्त, तिथे काळजी. डोटात क्रेनिंग स्कोअर, त्यात लिव्हर आणि स्प्लीनशी तुलना.

रिपोर्टमधली एसयूव्ही नावाची संख्या, म्हणजे त्या जागेने किती ट्रेसर घेतला त्याचं माप, बघून रात्रभर जागणारे खूप आहेत, त्यांच्यासाठी थोडं. २.५ च्या वर कॅन्सर आणि खाली नाही, हा नियम जुना आहे आणि मी तर तो पोरांना शिकवणंच सोडून दिलंय. ही संख्या रक्तातली साखर, वजन, इंजेक्शननंतर किती मिनिटांनी स्कॅन केला, मशीन कुठलं, सगळ्यावर हलते. सहा मिलिमीटरच्या गाठीत कॅन्सर असला तरी संख्या कमी येते कारण कॅमेऱ्याला एवढं बारीक नीट दिसतच नाही. टीबीच्या नोडची १५ येऊ शकते. एका बाबतीत मात्र संख्या कामाला येते: संथ क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया असलेल्या पेशंटमध्ये एखाद्या नोडची एसयूव्ही ५ च्या वर, आणि १० च्या वर तर नक्कीच, उडाली तर रोग आक्रमक लिम्फोमात बदललाय का म्हणून त्याच नोडची बायोप्सी घ्यायला सांगतो.

पाचवी पायरी: पॅटर्न

बोन स्कॅन घ्या. टेक्निशियम ९९एम लावलेलं एमडीपी, इंजेक्शननंतर साधारण तीन तासांनी फोटो. हा स्कॅन कॅन्सर बघतच नाही, हाड स्वतःला दुरुस्त करायला जी नवी भर घालतं ती बघतो. म्हणून एकाखाली एक ओळीत तीन बरगड्यांवर ठिपके म्हणजे पडल्याचा मार, आणि मणके, बरगड्या, कंबर असे कुठेही विखुरलेले लहानमोठे ठिपके म्हणजे मेट्सचा संशय. सेक्रमवर (माकडहाडाच्या वरचं हाड) एच अक्षरासारखा आकार दिसला तर ठिसूळ हाडाचं फ्रॅक्चर. सगळा सांगाडा ठळक आणि किडन्या दिसतच नाहीत, तर खूश होऊ नका, तो सुपरस्कॅन, सगळ्या हाडांत रोग पसरलेला असू शकतो. आणि मायलोमा हा बोन मॅरोतला कॅन्सर हाड पोखरतो पण भर घालू देत नाही, त्यामुळे बोन स्कॅन साफ नॉर्मल येऊ शकतो, तिथे एफडीजी बरा.

एफडीजीतही तसंच. थायरॉइड सगळाच सारखा चमकला तर बहुतेक थायरॉइडायटिस, एकच ठिपका चमकला तर सोनोग्राफी आणि सुई, कारण अशा ठिपक्यांत तीनातला साधारण एक कॅन्सर निघतो. मोठं आतडं लांबच लांब चमकलं तर मेटफॉर्मिन आठवा, एकाच जागी गोल चमकलं तर कोलोनोस्कोपी. पॅरोटिडमध्ये (कानाजवळच्या लाळग्रंथीत) अचानक सापडलेला कडक ठिपका बऱ्याचदा वॉर्थिन नावाची साधी गाठ असते, ती दिसते मोठ्या कॅन्सरसारखी, घाबरवते फुकट.

सहावी पायरी: अडलात तर दुसरा ट्रेसर

माझी सगळ्यात आवडती पायरी. डोटा स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या शेपटीत दीड सेंटिमीटरचा गोल ठिपका, कडकडीत हॉट. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर? असू शकतो. पण स्प्लीन तिथून हाताच्या अंतरावर आहे, आणि काही लोकांना जन्मतः एक छोटी जादा स्प्लीन असते, ती कधी कधी नेमकी त्या शेपटीतच रुतून बसलेली असते, आणि स्प्लीन तर डोटा भरपूर घेते. मग काय करायचं? पेशंटचंच थोडं रक्त काढायचं, लाल पेशींना टेक्निशियम लावायचं आणि त्यांना ४९ ते ५० डिग्रीवर थोडा वेळ तापवायचं. तापलेल्या पेशी खराब होतात, आणि खराब लाल पेशी पकडून ठेवणं हे स्प्लीनचं कामच आहे. परत शिरेतून द्या आणि बघा. ठिपका चमकला तर ती स्प्लीन, विषय संपला, अर्धं स्वादुपिंड कापायचं वाचलं. नाही चमकला तर ट्यूमरचा संशय पक्का. एक अंश जास्त तापवलं की पेशी फुटतात आणि सगळा खेळ लिव्हरमध्ये जातो, म्हणून वॉटर बाथच्या थर्मामीटरवरून नजर हलवायची नाही.

असंच किडनीत. सेस्टामिबी हा हृदयाच्या स्कॅनचा ट्रेसर, तो मायटोकॉन्ड्रिया जास्त असलेल्या पेशींत साठतो. ऑन्कोसायटोमा ही साधी गाठ मायटोकॉन्ड्रियाने ठासून भरलेली, म्हणून ती हॉट, आणि क्लिअर सेल कॅन्सर थंड.

न्यूरोएंडोक्राइनमध्ये डोटा आणि एफडीजी दोन्ही करणं मला तरी शहाणपणाचं वाटतं, निदान केआय ६७ (पेशी किती वेगाने वाढतायत याचा बायोप्सीतला आकडा) मध्यम किंवा जास्त असेल तेव्हा. डोटा हॉट आणि एफडीजी थंड म्हणजे संथ, अजून शिस्तीतला. डोटा थंड आणि एफडीजी हॉट म्हणजे पेशी बिघडल्या, रिसेप्टर सोडून साखरेच्या मागे लागल्या. एकाच पेशंटच्या लिव्हरमध्ये दोन्ही प्रकार शेजारी शेजारी दिसतात, आणि मग बायोप्सी सुई कुठल्या गाठीत घालायची हे त्यावर ठरतं. थायरॉइडमध्ये हेच नाटक: थायरोग्लोब्युलिन (थायरॉइडच्या पेशी बनवतात ते प्रोटीन) रक्तात वाढतंय, आयोडीन स्कॅन कोरा, तेव्हा एफडीजी करा, तिथे सापडतं.

याचा फायदा ट्रीटमेंटलाही होतो. ज्या रिसेप्टरवर डोटा बसला त्यावरच ल्युटेशियम १७७ या रेडिओअॅक्टिव्ह अणूचं, गाठ मारणारं औषध बसतं, पीएसएमएचंही तसंच. स्कॅनमध्ये गाठ थंड असेल तर ती ट्रीटमेंट तिथे पोचणारच नाही.

सातवी पायरी: बायोप्सी आणि रिपोर्टची भाषा

स्कॅन काहीही म्हणो, कॅन्सरचं नाव शेवटी पॅथॉलॉजिस्टच देतो. आपलं काम सुई कुठे घालायची ते दाखवणं, सगळ्यात हॉट, पोचायला सोपी, आणि जिच्या निकालाने स्टेज बदलेल अशी जागा. मधोमध मेलेल्या गाठीच्या काळ्या कडेतून तुकडा घ्या, मधून घेतला तर नुसता मेलेला टिश्यू येतो.

रिपोर्टमध्ये "अव्हिड" म्हणजे ट्रेसर घेणारं, एवढंच. "नॉन स्पेसिफिक" म्हणजे यावरून ठरवता येत नाही, "काही नाही" असा त्याचा अर्थ लावू नका. "फिजिओलॉजिकल" म्हणजे नॉर्मल अवयवाचं. "क्लिनिकल कोरिलेशन" म्हणजे बाकीची माहिती तुमच्या डॉक्टरांकडे आहे, ती जोडून बघा.

घरी गेल्यावर लहान मुलांना जवळ घ्यायचं का, हा प्रश्न प्रत्येक जण दारात उभा राहून विचारतो. एफडीजी दर ११० मिनिटांनी अर्धा होतो, २४ तासांत तो तेरा वेळा अर्धा झालेला असतो, म्हणजे आठ हजारांतला एक भागही धड उरत नाही, त्यामुळे त्या दिवशी लहान मुलं आणि प्रेग्नंट बायकांपासून काही तास लांब राहा, पाणी भरपूर प्या, लघवीला वारंवार जा. आयोडीन १३१ ची हाफ लाइफ मात्र ८ दिवस, त्याचे नियम वेगळे, ते लेखी घेऊनच निघा.

आणि सीडी जपा. नुसता छापील रिपोर्ट नको, सीडी. पुढच्या वेळी तोच ट्रेसर, शक्यतो तेच मशीन आणि इंजेक्शननंतर तेवढ्याच मिनिटांनी स्कॅन झाला तरच जुनी संख्या नव्या संख्येशेजारी ठेवता येते, आणि वाचणाऱ्याला जुनी चित्रं शेजारच्या स्क्रीनवर उघडी हवी असतात.